कोरडी जागा सोडून शिंपलेलं अंगण

भूतबित मी मानत नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला भोळी समजायला नको. या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि त्यातल्या निम्म्यांचं कारण मला लिहिणाऱ्याच्या रात्रीच्या जेवणात दिसतं. पिंपळाखाली उभी असलेली बाई, मागून येणारी पावलं, आपोआप लागणारं दार... पण वळून "काय हो, काय काम आहे?" असं विचारणारा एकही माणूस मला इथे आजवर भेटला नाही. दाराची बिजागरी तपासणारा तर नाहीच.

मी तपासणारी बाई आहे. कचेरीत टायपिंग सेक्शनला आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यातच माझा दिवस जातो. घरी घडलेला हा प्रकारही मी तसाच उलटून-पालटून पाहिला. अजून पाहतेच आहे. कोणाला काही सुचलं तर कळवावं, एवढ्यासाठी लिहिते. घाबरवण्यासाठी नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. नागपुरात प्रताप नगरात आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. तेव्हा तिथे घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. आमच्या उजव्या हाताला बाभळी वाढलेला प्लॉट, डाव्या हाताला तिवारींचं घर. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, समोर तीन पायऱ्यांचा ओटा आणि ओट्यापुढे अंगण. अंगणाला भिंत नव्हती, काटेरी तार होती आणि लाकडी फाटक होतं. मोकाट गाई फार, म्हणून फाटकाला साखळी लावून मी कुलूप घालायची. माती काळी. ओली झाली की चपलेला अशी धरते की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. हे मातीचं लक्षात ठेवा.

घरात मी, आमचे हे, आणि त्या उन्हाळ्यात आलेली माझी धाकटी नणंद कुसुम.

कुसुम भिवापूरला दिलेली. घर शेतीचं, मिरचीचं. तिचा नवरा माधव आदल्या वर्षी मे महिन्यात ऊन लागून गेला. दुपारी शेतातून आला, ओट्यावर बसला आणि संपलं. त्यानंतर कुसुमची झोप उडाली. दिवसभर बरी असायची, पण दिवस कलला की घरातून बाहेर, बाहेरून घरात अशा येरझाऱ्या सुरू. हातातलं भांडं कुठे ठेवलं ते आठवायचं नाही. रात्रभर टक्क डोळे. सासूने वर्षभर पाहिलं आणि ह्यांना बोलावून घेतलं. "हिचं डोकं ठिकानावर नाही. घेऊन जा, बरी करा. पोरगी मी ठेवतो." पोरगी म्हणजे शोभी, चार वर्षांची. "बरी झाली का शाळा उघडायच्या आत मी सोता येऊन पाहीन. बरी दिसली त पोरगी तुमची. नाही त इथंच राहील."

म्हणजे कुसुमकडे उरलेला उन्हाळा होता. तेवढ्यात झोप परत आली पाहिजे, नाहीतर लेक गेली. इतकी सरळ गोष्ट होती.

डॉक्टरांकडे मी घेऊन गेले. त्यांनी गोळी लिहिली, पण गोळीपेक्षा जास्त वेळ बोलण्यात घालवला. म्हणाले, "बाई, हिची झोप नाही बिघडली, संध्याकाळ बिघडली आहे. ती बांधून द्या. रोज तेच, त्याच क्रमाने. नवीन काही नको. प्रश्न विचारू नका, आठवणी काढू नका."

हे मला एकदम पटलं. कोणी गंडा-दोरा सांगितला असता तर मी भांडले असते, पण क्रम हा माझा विषय आहे.

मग मी संध्याकाळ बांधली. कुसुमने दुपारपासून दारं-खिडक्या लावून मागच्या खोलीत पंख्याखाली थांबायचं. मी हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही, कारण तापलेलं अंगण आणि मावळतं ऊन पाहिलं की तिच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. मी ऑफिसमधून आले की चहा. घराची सावली अंगणभर पसरली की मी अंगण शिंपायची. वाफ निघून माती थंड झाली की बाजा बाहेर टाकायच्या, अंथरुणं उघडून ठेवायची, म्हणजे ती गार होतात. मग कुसुमला हाक. तिने हातपाय धुवायचे, दिवा लावायचा आणि बाजेवर बसून चिंचा फोडायच्या. वर्षाच्या चिंचा मी मुद्दाम तेव्हाच आणून ठेवल्या होत्या. हाताला काम हवं आणि डोक्याला नको, तर चिंचेसारखं काम नाही. नंतर भाकरी, कांदा, ताक. रेडिओवरच्या बातम्या बंद, ह्यांची कुरकुर चालू. दिवे लागल्यावर भिवापूरचं नाव काढायचं नाही. मग आडवं व्हायचं.

आठवडाभरात फरक दिसायला लागला. येरझाऱ्या कमी झाल्या. झोप म्हणावी तशी नव्हती, पण डुलकी लागायची.

आणि मग एक दिवस मी ऑफिसमधून आले, फाटकाचं कुलूप काढलं, आणि पाय थबकला. अंगण शिंपलेलं होतं.

पहिला विचार अर्थातच कुसुमचा. मला राग आला. सांगितलं होतं बाहेर येऊ नको म्हणून. पण आत जाऊन पाहते तर मागच्या खोलीचं दार लावलेलं, पंखा चालू, ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. पायांना माती नाही. धुतले असतील, मी म्हटलं. विचारलं मात्र नाही, कारण प्रश्न विचारायचे नाहीत हे ठरलेलं होतं आणि ठरवलेलं मी मोडत नाही. चहा केला, बाजा टाकल्या, हाक मारली. ती ओट्यावर आली, अंगणाकडे पाहिलं आणि जराशी उभी राहिली. मग रोजच्यासारखी हातपाय धुवायला गेली.

हे घरी आले. सायकल लावता लावता म्हणाले, "आज लवकर आटोपलं तुझं."

आधी बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मी नीट पाहायला लागले, आणि जे दिसलं ते आवडलं नाही.

अंगण शिंपणारा माणूस फाटकाकडून सुरुवात करतो आणि शिंपत शिंपत मागे मागे येत ओट्यावर चढतो. म्हणजे ओल्यात पाय पडत नाही. मी तसंच करायची, तुम्हीही तसंच करत असाल. इथे उलटं होतं. ओट्याजवळची माती सुकत आलेली, आणि फाटकाजवळ पाणी अजून चमकत होतं. म्हणजे शिंपणारा ओट्यापासून निघाला आणि फाटकाशी थांबला. पुढे गेला कुठे? फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. परत घराकडे आला म्हणावं, तर सगळ्या ओल्या मातीतून यावं लागेल. काळ्या मातीत मांजर चाललं तरी कळतं. पाऊल एक नव्हतं.

आणखी एक. तारेच्या कडेला, तिवारींच्या बाजूला, एक जागा कोरडी सोडलेली होती. लांबट चौकोन, एका बाजेएवढा. कडा इतक्या सरळ, की जणू पाणी उडताना कोणी कडेला फळी धरून ठेवली होती. आमच्या बाजा ओट्याजवळ असायच्या, त्या कोपऱ्यात कधीच नाही. एकदा रात्री, कुसुमचा डोळा लागल्यावर, मी तांब्याभर पाणी नेऊन तेवढी जागा स्वतः भिजवली. दुसऱ्या दिवशी अंगण ओलं, आणि ती जागा पुन्हा कोरडी.

तिवारीण बाईंवर माझा संशय होताच. त्यांच्या घरातून आमच्या अंगणात हात पोचतो. आणि नवं घर, वर नोकरी करणारी बाई, असं शेजारी राहायला आलं की काही लोकांना काहीतरी टाकून पाहायची हौस असते. मंतरलेलं पाणी वगैरे. मी ते मानत नाही, पण टाकणारे मानतात ना. मी तारेजवळ जाऊन सरळ विचारलं.

त्या पापड उलटत होत्या. तशाच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सुनो इनकी बात! मेरे इधर पीने को पानी नहीं है, और मैं तुम्हारे आँगन में छिड़काव करूँगी? मैं तो खुद इनको बोल रही थी, देखो मराठिन बाई के पास कितना पानी है, रोज आँगन तर रहता है. तुमने नल में मोटर-वोटर तो नहीं लगाई ना?"

म्हणजे त्यांना माझा संशय.

पाण्याचं बोलल्या तेव्हा मला सुचलं. नळ फक्त सकाळी यायचा. ते पाणी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या ड्रममध्ये. त्याशिवाय घरात एवढं पाणी नाही. ऑफिसला निघताना मी ड्रमच्या आतून कोळशाने पाण्याच्या कडेला रेघ मारली. संध्याकाळी पाणी रेघेला टेकलेलं होतं. बादली कोरडी, तिच्या बुडाशी सकाळची धूळ तशीच. आणि अंगण ओलं.

त्या दिवशी मी ओट्यावर बसून चहा प्यायला विसरले. एवढंच लिहिते.

ह्यांना सांगितलं नाही, असं नाही. रेघेचं सांगितलं. हे हसले. "तू शिंपून विसरली असशील. नाही त मग कोन शिंपते वं, महानगरपालिका?" आणि वर्तमानपत्र उघडलं. ह्यांच्याकडून तपासात कधीच मदत होत नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की कुसुम झोपायला लागली होती. डुलकी नाही, झोप. सकाळी उठवावं लागायचं. चेहऱ्यावर तजेला आला. एकदा तर चिंचा फोडताना ह्यांच्या सायकलवरून काहीतरी टोमणा मारून हसली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण संशय मोठा होता. मला वाटायला लागलं, हे सगळं हीच करते. कसं, ते कळत नव्हतं. पण करणारी हीच. आणि हिच्या सासूला नेमका ह्याचाच वास लागला, की सून कुलूपबंद घरात चोरून काहीतरी करते, तर म्हातारी "बाहेरचं आहे" म्हणून मोकळी होईल. मग शोभी कायमची भिवापूरला.

म्हणून मी रजा घेतली. कुसुमला सांगितलं नाही. नेहमीसारखी बाहेर पडले, फाटकाला कुलूप लावलं आणि मागच्या बाजूने तार वर उचलून स्वयंपाकघरात आले. लुगडं फाटलं, ते जाऊ द्या. समोरच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवून दिवसभर बसले.

काही झालं नाही. ऊन उतरलं, सावली आली, माती तशीच तडकलेली. शेवटी मीच उठले आणि बादलीने पूर्ण अंगण शिंपलं. त्या कोपऱ्यासकट, जरा जास्तच जोरात.

हाक मारली. कुसुम ओट्यावर आली. तिची नजर सरळ त्या कोपऱ्यात गेली. तोंड उतरलं. भाकरी तशीच राहिली, आणि त्या रात्री ती झोपली नाही.

आता सांगा, यातून कोणताही शहाणा माणूस काय अर्थ काढेल? मी घरात, तर प्रकार बंद. ती जागा भिजली, तर ही अस्वस्थ. म्हणजे करणारी हीच. माझी खात्री पटली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले, आणि परत येते तर अंगण ओलं, कोपरा कोरडा. कुसुमने ओट्यावरून पाहिलं आणि तिचे खांदे सैल पडले. मी बाजेवर चादर टाकता टाकता मनात म्हटलं, बाई, तुझी युक्ती मी पकडणारच.

पकडायला वेळ मिळाला नाही. पुढच्याच रविवारी, न कळवता, कुसुमची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, येऊन थडकल्या.

दुपारच्या एसटीने आल्या. सोबत शोभी, आणि लाल मिरच्यांचं गाठोडं. उंच, वाळलेली बाई, गुडघ्यांनी अधू, पायरी चढताना एकेक पाय उचलून ठेवायच्या. जीभ मात्र तरुण. मी चहा दिला तर कपाकडे पाहून म्हणाल्या, "नागपुरात पानी नळानं येते म्हनतात, इहीनबाई. मंग चहा काहून एवढासाक?"

हे सायकल काढून आंबे आणि बर्फ आणायला गेले. खरं म्हणजे पळाले. त्यांच्यामागे मी फाटकाला कुलूप लावलं.

कुसुम समोरच्या खोलीत सासूच्या पुढ्यात बसली. शोभी आजीच्या पाठीमागे. आईने "ये ना" म्हणून हात पुढे केला, तर पोरीने आजीच्या पदरात तोंड लपवलं. वर्ष नाही, दीड-दोन महिनेच झाले होते, पण लेकरांना तेवढे पुरतात.

"पाहा," विहीणबाई म्हणाल्या. "वळखत बी नाही तुले."

"वळखंल, आत्याबाई. राहिली का वळखंल."

"राहिली का! आधी तुहं त पाहू दे. झोपतं काय आता?"

"झोपतो."

"गोळी खाऊन?"

"गोळी बंद केली वहिनीनं."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सुनेकडे. "दिवसा त सगळेच शहाने असते वं. तुही संध्याकाळ पाहीन मी. पायले फिरकी लागली का उद्या पहाटंच्या गाडीनं पोरगी वापस. मंग रडाचं नाही, भावाले पाठवाचं नाही."

कुसुमचा पाय आत्तापासूनच हलायला लागला होता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

मी ठरवलं, की आज कोणाला संधी द्यायची नाही. ऊन उतरलं की आपणच जाऊन सबंध अंगण भिजवायचं. ओट्यावर जाऊन चटई झटकून आले. अंगण खडखडीत कोरडं. फाटकाला कुलूप. अजून ऊन तारेपर्यंत होतं, म्हणून आत आले. विहीणबाईंना पुन्हा चहा हवा होता, मोठ्या कपात. स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं, साखर घातली, तिथूनच दोघींचं बोलणं ऐकत होते. कुसुमचा आवाज एकदाही थांबला नाही. चहा नेऊन दिला, मागच्या अंगणातून बादली भरून आणली आणि समोरचं दार उघडलं.

अंगण ओलं होतं. ओट्याजवळची माती पाणी पिऊन गडद झालेली, फाटकाशी चमक. पाऊल कुठेही नाही. बघायचं सुचलं म्हणून बघितलं, नाहीतर माझ्या हातातली बादली मला जड झाली होती. आणि तारेकडेला ती कोरडी जागा.

ज्या दोघींवर माझा संशय जाऊ शकत होता, त्यातली तिवारीण माहेरी गेली होती, आणि दुसरी माझ्या पाठीमागे खोलीत, साक्षात सासूच्या समोर बसलेली होती.

दार लावून घ्यावं, असं वाटलं. पण विहीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. शोभी त्यांच्या बोटाला, आणि कुसुम त्यांच्यामागे.

म्हातारी चौकटीला धरून पाहत राहिली. ओट्यापासून फाटकापर्यंत नजर नेली, मग त्या कोपऱ्यात. मग आवाज अगदी लहान करून म्हणाली, "हे कोनं शिंपलं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून कुसुम म्हणाली, "वहिनीनं."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. चेहरा स्वच्छ. डोळ्याला डोळा देऊन पाहत होती. किती सराईत, मला वाटलं. स्वतःचं बालंट माझ्या गळ्यात.

"तुम्हाले कोनं सांगतलं?" विहीणबाई आता माझ्याकडे रोखून पाहत होत्या. "तो कोपरा सोडाचं?"

"का? काय आहे तिथं?"

"माही बाज राहे तिथं. घरी, तारंच्या कडंनं. ओल चढली का माहे गुडघे रातभर ठनकत. त माधव तेवढी जागा कोरडी सोडून शिंपे. वट्ट्यापासून सुरू करे, फाटकापावतर जाये, अन् तसाच बैलं आनाले निंगून जाये. रोज. लग्नाच्या दिवशी बी शिंपून गेला माहा लेक. कोनं सांगतलं तुम्हाले?"

आता माझ्यासमोर दोन उत्तरं होती. एक खरं. मी शिंपलं नाही, कोणी शिंपलं मला माहीत नाही, रोज होतं, पाणी कुठून येतं ठाऊक नाही. हे ऐकल्यावर कोणती आजी आपली नात त्या घरात ठेवेल? ती काय, मी सुद्धा ठेवली नसती.

"मीच शिंपलं," मी म्हटलं. "रोज असंच शिंपते. ह्यांनी सांगितलं होतं एकदा, तुमच्याकडे असं करतात म्हणून."

सरळ खोटं बोलले. त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

विहीणबाईंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. म्हणाल्या, "बाज टाका माही तिथं." मी आणि कुसुमने बाज उचलून नेली. पायांना माती लागली, पावलं उमटली, आमची दोघींची, खोल. बाजेचे पाय त्या कोरड्या चौकोनात बरोबर बसले. ह्याची मी कधी खातरजमा केली नव्हती. करायला नको होती.

म्हातारी बसली. कुसुमने दिवा लावला. चिंचांची परात घेऊन ती दुसऱ्या बाजेवर बसली, आणि तिचा पाय हलत नव्हता. थोड्या वेळाने शोभी चिंचोके गोळा करायला म्हणून तिच्याजवळ गेली. "हे मले दे. हे बी दे." मग तिथेच बसली. विहीणबाई दुरून सगळं पाहत होत्या. अंधार पडल्यावर म्हणाल्या, "झोपते वाटते खरंच. डोळे जड झाले तिचे."

हे आंबे घेऊन आले तेव्हा मी त्यांनाही तपासलं. माधवची रीत ह्यांना माहीत असणार, भिवापूरला जाऊन राहिलेले होते. पण बर्फाची लादी भुशात जवळजवळ अख्खी होती, म्हणजे दुकानातून सरळ आले होते. आणि मला बाजूला घेऊन हेच विचारायला लागले, "माधव कोपरा सोडत होता, हे तुले कोनं सांगितलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मी? मले त आत्ता आठवलं."

विहीणबाई दोन दिवस राहिल्या. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "पोरगी राहू द्या. शाळंचं पाहा. माह्या लेकाचं काम ज्या घरात कोनी करते, तिथं माही नात राहील." आणि मग, "चहाचे कप मात्र बदला, इहीनबाई."

त्या रविवारनंतर अंगण कधी आपोआप ओलं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले तर माती कोरडी ठणठणीत. मी बादली घेतली आणि शिंपलं. विहीणबाई होत्या तोवर कोपरा सोडून, नंतर सगळं. कुसुमने कोपऱ्याकडे पाहिलं, पण झोपली. आता तिच्या कुशीत शोभी होती.

माझा संशय मात्र गेला नाही. रविवारी ती खोलीतून हलली नव्हती, हे मान्य. पण जागा कोरडी सोडायची, हे या घरात तिच्याशिवाय कोणाच्याच लक्षात नव्हतं. सासूला जिंकायला याहून चांगली गोष्ट कोणती? काहीतरी नळी, काहीतरी भोक, कोणाची तरी मदत... मी तारेच्या कडेने माती उकरून पाहिली. छपरावर चढवून ह्यांना पाहायला लावलं. काही सापडलं नाही. शोभी लहान होती, कुसुम नुकती सावरलेली, म्हणून तिला विचारलं नाही. मग कुसुमला बालवाडीत काम मिळालं, ती जवळच खोली घेऊन राहायला लागली, आणि विचारायचं राहून गेलं.

परवा विचारलं. शोभी आता सायकलवर शाळेत जाते. कुसुम माझ्याकडे आली होती, आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "कुसुम, आता मी रागावणार नाही. सांगून टाक. अंगण कसं शिंपत होतीस?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मी?"

"मग कोण? मी ड्रमवर रेघा मारून पाहिल्या, बाई."

"काय बोलून राहिल्या, वहिनी? तुम्हीच त शिंपत होत्या."

"मी नव्हते."

ती हसली. "मले पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्या म्हटलं, दादानं सांगितलं असंल वहिनीले. तुम्ही कधी गोड बोलल्या नाही, डोक्यावर हात फिरवला नाही. चिंचा फोडाले लावल्या. पन रोज ऑफिसातून थकून येऊन माधवसारखं अंगण शिंपत होत्या, मले हाक माराच्या आधी. म्हनून त मले झोप लागे. एक दिवस तुम्ही कोपरा भिजवला, त मले वाटलं, आता कंटाळल्या माह्यावर. रातभर जीव घाबरला."

मी तिला सगळं सांगितलं. कुलूप, पावलं, रेघ, रजा, खिडकी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात धरला.

"तुम्ही आत्याबाईले सोता म्हटलं, मीच शिंपलं म्हून. माह्यासमोर."

"ते खोटं होतं."

"असू द्या नं, वहिनी," ती म्हणाली. "तुम्हाले केलेलं सांगाची सवय नाही. मले माहीत आहे."

त्यानंतर मी आणखी दोनदा प्रयत्न केला. ती नुसती हसते. ह्यांनाही आता तेच वाटतं, आणि भिवापूरला म्हातारी गेली ती शेवटपर्यंत माझं नाव घेत गेली, असं कळलं. सगळ्यांना उत्तर मिळालं आहे, आणि ते चूक आहे, हे फक्त मला माहीत आहे.

कुसुमची समजूत घालणं मी आता सोडून दिलं आहे. माझी अजून कोणी घातलेली नाही.